२१ नंबर कोणाचा?

आमच्या बडोद्यातल्या एका मराठी संस्थेबद्दल लिहितोय. नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि मला त्याच जिन्याने रोज वाचनालयात जायचं असतं.

संस्थेच्या इमारतीत खाली कार्यालय, हॉल, वाचनालय, वर पाहुण्यांच्या खोल्या. आतल्या आत बोलायला ईपीएबीएक्स. गेली वीसेक वर्षं गेटवरच्या वॉचमनचा नंबर २१. गेल्या महिन्यात नव्या कमिटीने सगळे एक्स्टेन्शन नंबर 'पदांनुसार' लावून घेतले. २१ अध्यक्षांच्या केबिनला, २२ उपाध्यक्षांना, २३ कार्यवाहांना, असं करत करत वॉचमन गेला ४१ वर. यादी टाइप करून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली. झालं काम!

आठवडाही झाला नाही. नंदुरबारकडचं एक वयस्क जोडपं तिसऱ्या मजल्यावर उतरलं होतं, काकांच्या उपचारांसाठी. रात्री दोनच्या सुमाराला काकांना श्वास घेता येईना. काकूंनी पलंगाजवळच्या कार्डावर बघून २१ लावला. रिंग जात राहिली, कुलूप लावलेल्या केबिनमध्ये. शेवटी त्या बाई अंधारात तीन जिने उतरून गेटवर आल्या. रिक्षा मिळाली, वेळेवर हॉस्पिटल गाठलं, निभावलं.

कमिटीचं म्हणणं, "कार्डं बदलायची राहून गेली, इतकंच." इतकंच नाही हो! वापरातला नंबर काढून त्याच दिवशी दुसऱ्याला दिला, खरी चूक ती. २१ रिकामा ठेवला असता तर काकूंना वेगळा टोन ऐकू आला असता, नंबर चुकतोय हे लगेच समजलं असतं. रिंग जातेय म्हटल्यावर माणूस वाट बघणारच. बँकेत आम्ही बंद झालेल्या खात्याचा नंबर दुसऱ्या दिवशी नव्या खातेदाराला देत नव्हतो, ते काय उगाच?

हे शहाणपण मलाही ठेच लागूनच आलं. १९९० नंतरच्या काळात एका रीजनल ऑफिसात ॲडमिनिस्ट्रेशन माझ्याकडे होतं. नवे साहेब आले, त्यांना पहिलाच नंबर हवा. तो होता कँटीनचा. मी 'येस सर' म्हणून बदलून टाकला. पुढे दोन महिने साहेबांना चहाच्या ऑर्डरी येत होत्या. तेव्हा आम्ही हसलो. तिथे फार तर चहा उशिरा आला, इथे माणूस होता.

आता थोडं यंत्राबद्दल. एक्स्टेन्शनची तार मशीनच्या ज्या पोर्टला जोडलेली असते ती तिथेच राहते. नंबर असतो प्रोग्रॅममध्ये. म्हणून तर ऑपरेटरच्या फोनवरून पासवर्ड टाकून अर्ध्या तासात सगळ्या इमारतीचे नंबर फिरवता येतात. पण मग उपायही तितकाच सोपा होता. एखाद्या रिकाम्या पोर्टला २१ द्यायचा आणि त्यावर येणारा कॉल ४१ वर फॉरवर्ड करून ठेवायचा. अध्यक्षांना हवा तर ५१ द्या, शोभून दिसतो. आणि हे बडोदेकरांना सांगावं लागतंय, जिथे मॅट्रिक्ससारखी कंपनी ही यंत्रं बनवते!

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावायचं ठरलं, आठवतं? आधी जाहीर केलं, आणि विसरून तसाच नंबर फिरवणाऱ्याला रेकॉर्ड केलेली सूचना ऐकवायची असंही ठरवलं. एवढ्या मोठ्या देशाला जे सुचलं ते तीन मजल्यांच्या इमारतीला सुचू नये?

एक कमिटी सदस्य म्हणाले, "काका, पदांच्या क्रमाने लक्षात ठेवायला सोपं पडतं." कोणाला? अध्यक्षांना स्वतःला फोन लावायचा नसतो. नंबर पाठ असतो तो लावणाऱ्याला, आणि रात्री दोन वाजता लावणारा पाहुणा असतो. त्याला आपले उपाध्यक्ष कोण हेही माहीत नसतं.

लेखी पत्र दिलंय. "पुढच्या मीटिंगमध्ये बघू" असं उत्तर आलं. तोवर काल मी स्वतः स्केचपेन घेऊन खोल्यांमधल्या कार्डांवर २१ खोडून ४१ लिहून आलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कुलूप होतं, तेवढ्या राहिल्यात.