प्रत्यारोपणाच्या वाटेवरील खरा अडसर

एचआयव्हीबाधित रुग्णावर मूत्रपिंड प्रत्यारोपण करणे म्हणजे दुर्मीळ अवयव वाया घालवणे, असा समज वैद्यकीय वर्तुळात दीर्घकाळ होता. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. ज्याची प्रतिकारशक्ती विषाणूने आधीच पोखरली आहे, त्याला हा उपचार कसा झेपणार, असा त्यामागचा तर्क होता. तो आता टिकलेला नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील रुग्णांसाठी मात्र प्रश्न सुटलेला नाही. त्याचे केवळ स्वरूप बदलले आहे.

अमेरिकेतील १९ केंद्रांमध्ये १५० एचआयव्हीबाधितांवर झालेल्या प्रत्यारोपणाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू आटोक्यात असलेल्या या रुग्णांपैकी एका वर्षानंतर सुमारे ९५ टक्के, तर तीन वर्षांनंतर ८८ टक्के हयात होते. शरीराने अवयव नाकारू पाहण्याचे प्रमाण मात्र अपेक्षेपेक्षा दोन ते तीन पट अधिक आढळले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. एल्मी मुलर यांनी २००८ पासून एचआयव्हीबाधित मृत दात्यांची मूत्रपिंडे बाधित रुग्णांनाच बसवली. अशा २७ रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर ७४ टक्के हयात होते. अमेरिकेत १९८ बाधित रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, दाता बाधित असो वा नसो, परिणाम जवळपास सारखेच दिसले.

या यशाची किल्ली औषधांच्या मेळात आहे. एचआयव्हीवरील रिटोनाविरसारखे औषध प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढवते. प्रमाण वाढले तर मूत्रपिंडालाच इजा होते. कमी झाले तर शरीर अवयव नाकारते. डॉल्युटेग्राविरमुळे ही अडचण बरीच दूर झाली असून भारताच्या शासकीय कार्यक्रमातही आता तेच प्रमुख औषध आहे. तरीही रक्तातील औषधाची पातळी वारंवार तपासावी लागते आणि एकही मात्रा चुकवून चालत नाही.

खरी अडचण येथेच सुरू होते. या दोन जिल्ह्यांतील रुग्णाला प्रत्यारोपणासाठी नागपूर गाठावे लागते. तेथील शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. भामरागड किंवा सिरोंच्याच्या रुग्णाला तर गडचिरोली गाठण्यासाठीच त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस करून घेणाऱ्यासाठी हे अंतर जीवनमरणाचे ठरते.

दात्याचा प्रश्नही बिकट आहे. १९९४ च्या कायद्यानुसार जिवंत दाता प्रामुख्याने जवळचा नातेवाईक असतो. एचआयव्हीबाधितांच्या कुटुंबात मात्र जोडीदारही बाधित असण्याची शक्यता मोठी असते. इतर नातलगांकडे मूत्रपिंड मागायचे, तर वर्षानुवर्षे जपलेले गुपित उघड होण्याची भीती असते. उरते ती मृत दात्याची प्रतीक्षायादी. मिळालेले मूत्रपिंड शक्यतो एका दिवसाच्या आत बसवावे लागते. रात्री निरोप आल्यावर सिरोंच्याचा रुग्ण नागपुरात वेळेत पोहोचेल, याची हमी कोण देणार?

कायद्याची बाजू रुग्णाच्या पारड्यात आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने केवळ बाधित असल्याच्या कारणावरून उपचार नाकारण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा दार उघडू शकतो. दारापर्यंतची वाट त्याने तयार होत नाही.

ती वाट शासनाला तयार करावी लागेल. एआरटी केंद्रांत मूत्रपिंडाची तपासणी नियमित व्हावी, म्हणजे आजार लवकर कळेल. ज्यांचे मूत्रपिंड निकामी होत आहे, त्यांची शिफारस प्रत्यारोपण केंद्राकडे वेळीच व्हावी. शस्त्रक्रियेनंतर रक्ताचे नमुने जिल्ह्यातच घेऊन नागपूरला पाठवण्याची सोय झाली, तर प्रत्येक तपासणीसाठी रुग्णाची मजुरी बुडणार नाही. जगभरातील आकडे नियमित औषध व नियमित देखरेख मिळालेल्या रुग्णांचे आहेत. ती देखरेख जंगलापलीकडच्या गावांपर्यंत पोहोचली, तरच त्या यशात या दोन जिल्ह्यांनाही वाटा मिळेल.