पॅकेजर मधला दलाल नव्हे

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांमध्ये हल्ली एक मत सिद्धान्तासारखे मांडले जाते. ओपनएसएसएलसारखी एन्क्रिप्शनची लायब्ररी मूळ प्रकल्पाकडून थेट घ्यावी, आपल्या ॲपसोबत कंटेनरमध्ये बांधून द्यावी आणि मोकळे व्हावे. डेबियन, फेडोरा, उबुंटू या लिनक्सच्या वितरणांनी, म्हणजे डिस्ट्रोंनी, मध्ये पडून तीच लायब्ररी पुन्हा पॅकेज करायची, तीत स्वतःचे पॅच घालायचे, वर्षानुवर्षे तिची आवृत्ती गोठवून ठेवायची, हा उद्योग जुनाट आणि धोक्याचा आहे. कल्याणहून आंबिवलीकडे येणाऱ्या कसारा लोकलमध्ये हे मत मी अनेकदा ऐकले आहे. ते मांडणारे जाणकार असतात आणि त्यांच्या हाती पुरावेही असतात. म्हणून त्यांना मुद्द्याला मुद्दा लावूनच उत्तर द्यायला हवे.

माझे म्हणणे नेमके उलट आहे. डिस्ट्रोनेच पॅकेज करावी अशी एखादी गोष्ट असेल, तर ती एन्क्रिप्शनची लायब्ररी. एका यंत्रावर तिची एकच प्रत असावी आणि त्या प्रतीची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी असावी.

विरोधकांचा सर्वांत भक्कम पुरावा डेबियनचाच आहे. ओपनएसएसएलमध्ये यादृच्छिक आकडे तयार करणाऱ्या भागातल्या काही ओळींवर व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन तक्रार करी. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमधून त्या ओळी काढल्या गेल्या. त्यांच्यासोबत यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोत गेला आणि उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, ज्याची कमाल मर्यादा ३२,७६८. संगणकाला इतके पर्याय तपासायला फार वेळ लागत नाही. लुसियानो बेलो यांच्या हे लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने ते जाहीर केले. दीड वर्षाहून अधिक काळ जगभर एन्क्रिप्शनच्या कच्च्या किल्ल्या तयार होत राहिल्या होत्या.

ही चूक गंभीर होती, तिचे समर्थन करता येणार नाही. पण तिच्यातून सिद्ध काय होते? मूळ प्रकल्पाकडे विचारणा झाली होती, पण तो पॅच तिथे तपासून स्वीकारला गेला नव्हता; तो डेबियनपुरताच राहिला. दोष पॅकेज करण्यात नव्हता, दुसऱ्या नजरेखालून न गेलेल्या बदलात होता. आणि निस्तरण्याचे कामही पॅकेजनेच केले. दुरुस्त लायब्ररीसोबत कच्च्या किल्ल्यांची यादी पॅकेज म्हणून आली आणि दूरस्थ लॉगिन सांभाळणारा, अद्ययावत झालेला ओपनएसएसएच सर्व्हर त्या यादीतल्या किल्ल्या नाकारू लागला. हीच चूक शेकडो ॲपच्या पोटातल्या शेकडो प्रतींमध्ये असती, तर किल्ल्या कुठे कुठे बदलायच्या हे सांगणारे कुणीच नसते.

दुसरा आक्षेप जुन्या आवृत्त्यांचा. इथे हार्टब्लीडची आठवण करून द्यावी लागते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल १.०.१ मधली ही खोट एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, प्रसंगी गुप्त किल्लीसुद्धा, बाहेरून वाचता येत होता. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती दिली. पॅकेजवरचा मूळ आकडा १.०.१ई असाच राहिला, मात्र आतली खोट गेली होती. याला बॅकपोर्ट म्हणतात. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणायची, नव्या आवृत्तीतले बाकीचे बदल आणायचे नाहीत, म्हणजे चालू असलेले काही मोडत नाही. आकडा पाहून पॅकेजला शिळे म्हणणाऱ्याने आधी त्याची बदलनोंद वाचावी.

याच खोटीने स्वतंत्र प्रतींचे काय होते तेही दाखवले. अँड्रॉइड ४.१.१ मध्ये ती होती आणि ते फोन हाती असलेल्यांना उत्पादक कंपनी अपडेट कधी देते याची वाट पाहावी लागली. डेबियनच्या सर्व्हरवर मात्र एक आज्ञा पुरली. सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय जुनी प्रत स्मृतीत राहते, म्हणून कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या हेही लायब्ररीच्या पॅकेजनेच विचारले.

तिसरा आक्षेप ताजा आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मागचा दरवाजा (बॅकडोर) सापडला. तो ओपनएसएसएचपर्यंत पोचू शकला, कारण काही डिस्ट्रोंनी सर्व्हरला सिस्टिमडीची लायब्ररी जोडणारा पॅच लावला होता आणि तिच्यामागून एक्सझेड आत येत होते. हा दोष डिस्ट्रोंचा, तो मान्यच केला पाहिजे. पण घातक कोड पेरला होता तो मूळ प्रकल्पाच्याच अधिकृत संचात. ‘थेट मूळ लेखकांकडून घ्या’ हा सल्ला पाळणाऱ्याला तो पहिल्या दिवशी मिळाला असता. डेबियनमध्ये तो अस्थिर आणि चाचणी शाखांतच अडला, स्थिर आवृत्तीत गेला नाही. आणि आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला तो डेबियनच्या अस्थिर शाखेवरच. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा त्यांनी पाठपुरावा केला म्हणून. विरोधक ज्याला दिरंगाई म्हणतात, त्या टप्प्यांनीच लाखो सर्व्हर वाचवले.

एकाच प्रतीवर सगळ्यांनी विसंबणे धोक्याचे नाही का, हा प्रश्न उरतो. आंबिवलीजवळ कल्याण-डोंबिवली महापालिकेचे मोहिली जलशुद्धीकरण केंद्र आहे. ते बंद पडले की अनेक वस्त्यांचे पाणी जाते. तरीही प्रत्येक सोसायटीने उल्हास नदीत आपापला पंप टाकावा, असे कुणी सुचवत नाही. केंद्रातली तपासणी कडक करा, अशीच मागणी होते. लायब्ररीच्या बाबतीतही हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

आता पॅकेजर करतो काय, ते पाहू. तो मूळ संचावरची सही तपासतो. वेगवेगळ्या प्रोसेसरांवर लायब्ररी बांधून तिच्या चाचण्या चालवतो. ती ३.० वर गेली की तिच्यावर विसंबलेली पॅकेजे नव्याने बांधली जातील, याची व्यवस्था लावतो. परवाना वाचतो: ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यातली जाहिरातीची अट जीपीएल या परवान्याशी जुळत नव्हती, आणि डेबियनने तो प्रश्न अनेक वर्षे काटेकोरपणे सांभाळला; २०२१ मध्ये ३.० आवृत्ती अपाची परवान्याखाली आली. अमेरिकेच्या निर्यात-कायद्यामुळे एन्क्रिप्शनची पॅकेजे डेबियनला अनेक वर्षे अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर वेगळी ठेवावी लागली; २००२ च्या आवृत्तीत ती मुख्य संग्रहात आली. २०१९ च्या डेबियन १० ने टीएलएस १.२ ही किमान पातळी ठरवली आणि कमकुवत किल्ल्या मूळ मांडणीतच नाकारल्या. फेडोराने तर प्रमुख एन्क्रिप्शन लायब्रऱ्यांसाठी एकच सामाईक धोरण आणले. हे निर्णय प्रत्येक ॲपवाला स्वतंत्रपणे घेईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

‘मूळ प्रकल्पावर पुरेसे डोळे असतात’ हा समजही खरा नाही. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाच्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास. एक्सझेडचा भारही मुख्यतः एकाच थकलेल्या माणसावर होता. अशा ठिकाणी पॅकेजर म्हणजे नजरेची दुसरी जोडी.

म्हणून नियम असे हवेत. प्रत्येक पॅच वेगळ्या फाइलमध्ये, कारणासह. एन्क्रिप्शनच्या गाभ्याला हात लावणारा बदल आधी मूळ प्रकल्पाने स्वीकारलेला. लायब्ररीची दुसरी प्रत कुठल्याही पॅकेजच्या पोटात नाही. आणि या कामाला पगार.

शेवटची अट महाराष्ट्राने आपली मानावी. सरकारी वापरासाठीची ‘बॉस’ ही प्रणाली सी-डॅकने डेबियनवर उभारली आणि सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. डेबियनच्या पॅकेजरने घेतलेली काळजी आपल्या कार्यालयांपर्यंत पोचते, तिची किंमत मात्र आपण मोजत नाही. लिनक्स वापरणाऱ्या संस्थांनी या देखभालीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एका पॅकेजची देखभाल मान्य करावी. या कामाला ऐरोलीतले चकचकीत कार्यालय लागत नाही. मोहोन्यातल्या चाळीत बसूनही ते करता येते. आज जे या कामाला फालतू मध्यस्थी म्हणतात, त्यांनी एखादे पॅकेज वर्षभर सांभाळून पाहावे. टीका करण्याचा त्यांचा अधिकार त्याने वाढेल, आणि लायब्ररीला हवा असलेला आणखी एक राखणदार मिळेल.