तंबू, तळं आणि टिटवी

"आई, या वेळी हॉटेल नाही. पवनेच्या काठी तंबूत राहायचं," मुलाने जानेवारीत जाहीर केलं. माझे गुडघे लगेच कुरकुरले. सत्तरी उलटलेल्या बाईने तंबूत झोपावं का, यावर आमच्या भाईंदरच्या सोसायटीतल्या बाकावर छोटासा परिसंवादही झाला. पण नातवाचा चेहरा बघितला आणि बॅग भरली.

लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडली की पवना धरणाचं पाणी दिसायला लागतं. लोहगड मागे राहतो, समोर तुंग आणि तिकोना. (लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, हे मी गाडीत सगळ्यांना ऐकवलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!) संध्याकाळ फार सुंदर गेली. नातू पाण्यात खडे टाकत होता आणि मी खुर्चीत बसून नुसती बघत होते.

सात वाजले आणि स्पीकर सुरू झाले. आमच्याकडचा एक, शेजारच्यांचा दुसरा, पलीकडे तिसरा. तीन गाणी एकाच वेळी, आणि डोंगर ती परत पाठवत होते! तंबूंवर रंगीत दिव्यांच्या माळा. दहा वाजून गेले तरी तेच. शेवटी मी तिथल्या मुलाला म्हटलं, "बाळा, जरा हळू कर ना." तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, लोक ह्याच्यासाठीच येतात."

त्याच्यावर मला रागावता येईना. त्याच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली गेलेली. हे पाणी जातं पिंपरी-चिंचवडला. त्यासाठी बंद जलवाहिनी नको म्हणून मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. उरलेल्या काठावर त्याने तंबू लावून चार पैसे मिळवले, तर मी शहरातून येऊन नाकं का मुरडावीत? गिऱ्हाईक मागतं ते तो देतो.

रात्री दीडच्या सुमाराला नातवाला बाहेर जायचं होतं. एव्हाना सगळं बंद झालेलं, दिवेही. अमावास्या जवळ आलेली. त्याने माझा हात घट्ट धरला, मग मान वर केली आणि म्हणाला, "आजी, इतके कुठून आले?"

मृग पश्चिमेकडे कलला होता, त्याच्या मागे व्याध. ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. पाण्याकडून टिटवी ओरडत गेली तसा तो दचकला आणि मग हसला. एका शालीत आम्ही दोघं वीसेक मिनिटं बसलो. पैसे ज्यासाठी भरले होते ते एवढंच, आणि तेही चुकून मिळालं!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. पण पोलीस कशाला हवेत? बुकिंग करतानाच विचारावं, "तुमच्याकडे तासभर दिवे बंद करता का?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्यासाठी तो मुलगा स्वतःच जाहिरात करील. मंडळी, तुम्ही जाल तेव्हा विचारा.

आमच्या मीरा-भाईंदरला तर राष्ट्रीय उद्यान खेटूनच आहे. त्याच्या पोटात तुळशी तलाव, १८७९ साली बांधून झालेला. मुंबईचं पिण्याचं पाणी, म्हणून तिथे तंबू नाहीत की सहली नाहीत. पूर्वी याचा मला राग यायचा. "आपल्याच दाराशी, आणि आपल्यालाच बंदी!" असं मी शिक्षकांच्या खोलीत तावातावाने बोललेय. आता वाटतं, बरं झालं. एखादं तळं बिबट्यांकडेही असू द्यावं.

घरी परतल्यावर नातवाने रात्री गच्चीवर चलण्याचा हट्ट धरला. लिफ्ट वरपर्यंत जात नाही. शेवटचा जिना गुडघ्यांना विचारत विचारत चढले. चहूकडे दिवेच दिवे, फक्त उद्यानाच्या बाजूला एक काळा पट्टा. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मृगाच्या पोटातले तीन धरून अकरा भरले. मग एक चालायला लागला, तेव्हा ते विमान निघालं. दहा.