चढणीचा मासा आणि सोडलेला मासा : पावसाळ्यात दोन्ही ओळखा

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते. मासे अंडी घालण्याचा हा काळ आहे, हे गोराई-मनोरीच्या मच्छीमारांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण याच दिवसांत ओढ्यातून भाताच्या खाचरात चढणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशाला अशी सुट्टी मिळत नाही. उलट पहिल्या पावसातला ‘वलगणीचा’ मासा म्हणून तोच सगळ्यात जास्त पकडला जातो. त्याच पाण्यातून कुणाच्या तरी तळ्यातला विदेशी मासाही नदीत जातो. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या बांधावर घडतात, म्हणून त्यांचा विचार एकत्र करायला हवा.

खाचर हेच प्रसूतिगृह

मांगूर, मरळ आणि शिंगी हे मासे कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेतात. त्यामुळे ते उथळ, गढूळ पाण्यातून आणि ओल्या बांधावरूनही पुढे सरकू शकतात. पाऊस पडून नवे पाणी आले की ते ओढ्यातून खाचरात चढतात. देशी मांगूर खाचराच्या कडेला मातीत खळगा करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. मरळीची नर-मादी दोघेही पिल्लांची राखण करतात. तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला, तर खाली मोठी मरळ आहे असे समजावे. ती मारली की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

गाभोळीने भरलेली एक मादी पकडली, तर जेवणात एक मासा वाढतो आणि पुढच्या वर्षीचे काही हजार जीव कमी होतात.

शहरात काय झाले

चारकोपचे उदाहरण पाहा. पोयसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि कांदिवलीतून मालाड खाडीला मिळते. जंगलातला वरचा भाग अजून ओढ्यासारखा आहे. वस्तीत शिरल्यावर मात्र सांडपाणी आणि दोन्ही काठांच्या भिंती सुरू होतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पाणी लवकर वाहून जावे यासाठी उपनगरातल्या नद्यांवर अशी कामे वाढली. पुराच्या दृष्टीने त्यांची गरज असेलही. पण भिंत आली की माशाला काठावरच्या उथळ पाण्यात चढायला वाट राहत नाही. प्राणवायू कमी झालेल्या अशा पाण्यात तगतात ते फक्त चिवट मासे. मोझांबिक टिलापिया, म्हणजे चिलापी, त्यांपैकीच. १९५२ मध्ये भारतात आणलेली ही जात खाऱ्या पाण्यातही जगते, लहान वयात प्रजननाला येते आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. म्हणून एकदा शिरली की ती निघत नाही.

गावातल्या ओढ्याला अजून भिंती नाहीत. म्हणूनच तिथे शेतकऱ्याच्या हातात बरेच काही आहे.

ओळख कशी करावी

- मरळ : डोके सापासारखे, त्यावर मोठे खवले, मिशा नाहीत.
- शिंगी : अंगावर खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या, पाठीवरचा पर अगदी छोटा. छातीच्या पराचा काटा विषारी असतो. हाताने धरू नये.
- देशी मांगूर : शिंगीसारख्याच मिशा, पण पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांब. रंग बहुधा एकसारखा तपकिरी. कवटीचे मागचे टोक निमुळते, ‘व्ही’ आकाराचे.
- थाई (आफ्रिकन) मांगूर : डोके रुंद व चपटे, अंगावर करडे-काळे ठिपके-पट्टे, पोट फिके. कवटीची मागची कड ‘एम’सारखी. वाढ कित्येक किलोपर्यंत.
- चिलापी : अंगावर खवले, पाठीच्या परात टोकदार काटे, अंगावरची बाजूची रेघ मध्येच तुटलेली.

दोन्ही मांगुरांचा संकरही बाजारात येतो, तेव्हा एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका. शंका असल्यास मासा जिवंत न सोडता मत्स्यव्यवसाय कार्यालयाला दाखवा.

बंदी का, आणि ती का मोडते

थाई मांगुराच्या पालनावर देशात बंदी आहे. २०२० च्या सुरुवातीला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने असा ३२ टन मासा नष्ट केला. तरी तो पाळला जातो, कारण तो झपाट्याने वाढतो, घाण पाण्यात दाटीने राहतो आणि कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावरही पोसला जातो. हाच फायदा नदीसाठी धोका ठरतो. तो मांसाहारी आहे, देशी मांगुराच्या कित्येक पट अंडी देतो आणि तळे भरून वाहिले की ओढ्यात उतरतो. एकदा नदीत गेलेला मासा कोणतीही कारवाई परत आणू शकत नाही.

आता काय करावे

१. पहिल्या पावसातली गाभोळीची मादी सोडून द्या. निदान बांधाच्या सगळ्या तोंडांना एकाच वेळी सापळे लावू नका. एक वाट मोकळी ठेवा.

२. खाचरात पिल्ले असताना कीटकनाशकाची फवारणी टाळा. एका कडेला थोडा खोल चर ठेवला, तर पाणी कमी झाल्यावर पिल्लांना आसरा मिळतो.

३. शेततळ्यात कटला (वरचा थर), रोहू (मधला) आणि मृगळ (तळ) यांची बोटुकली शासकीय किंवा खात्रीच्या बीज केंद्रातूनच घ्या. सांडव्याला बारीक जाळी लावा.

४. देशी मांगूर व मरळ हवेतून श्वास घेत असल्याने जिवंत विकता येतात आणि त्यांना भावही चांगला मिळतो. बीज घेताना वरच्या खुणा स्वतः तपासा. ‘मांगूर’ एवढ्या नावावर विश्वास ठेवू नका.

५. विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या बैठकीत घ्यावा. मासा चढायला लागल्यावर सांगून उपयोग होत नाही.