शब्दांचा फंडा : स्लँडर म्हणजे नुसतं गॉसिप नव्हे!

ऑफिसच्या कॅन्टीनमधला नेहमीचा सीन. चहाचा पहिला घोट होतो आणि समोरची खुर्ची जरा पुढे सरकते. ‘तिचं प्रमोशन कसं झालं, माहितीये ना?’ पुढे कुणी काहीच बोलत नाही. सगळे फक्त हसतात. आपणही हसतो. झालं, काम फत्ते!

आपण याला गॉसिप म्हणतो. पण इंग्रजीत त्यासाठी जास्त नेमका शब्द आहे, स्लँडर. एखाद्याची अब्रू घालवणारी खोटी गोष्ट तोंडी पसरवणं. तीच लिहिली किंवा छापली की लायबल. ‘बॉस खडूस आहे’ हे स्लँडर नाही, ते तुमचं मत. पण ‘बॉस खोटी बिलं लावतो’ असं नसताना सांगितलंत, तर नक्कीच आहे. गंमत म्हणजे स्लँडर आणि स्कँडल ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ एका ग्रीक शब्दात आहे आणि त्याचा अर्थ सापळा!

मराठीही यात मागे नाही बरं का. आळ, बालंट, कुभांड, कंड्या पिकवणं... गणेश चतुर्थीला चंद्र बघू नको, असं आजी दटावते ते याच धास्तीने. स्यमंतक मण्यापायी साक्षात कृष्णावर चोरीचा आळ आला, तिथे आपली काय कथा?

कृष्णाने मणी शोधून आणला आणि आळ पुसला. प्रत्येकाला ती संधी मिळतेच असं नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. वडील भैयालाल तेवढे वाचले. आधी जमिनीचा वाद होता, मग एका परिचिताला झालेल्या मारहाणीत मायलेकींनी दिलेली साक्ष. पण हत्याकांडानंतर चर्चेत काय आलं? त्या आईचे ‘अनैतिक संबंध’! पारावरची कुजबुज बातम्यांपर्यंत पोचली आणि खुनाऐवजी मेलेल्या बाईच्या चारित्र्याची चौकशी सुरू झाली. उत्तर द्यायला ती होती कुठे?

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. हेतू मानला गेला तो सुडाचा. भैयालाल २०१७ मध्ये गेले. निकाल लागले, पण ती कुजबुज आजही कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतेच.

आता थोडा कायद्याचा फंडा. आपला फौजदारी कायदा स्लँडर आणि लायबल असा भेद करत नाही. दोन्ही बदनामीच. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. आणि हे लक्षात ठेवा : कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा गुन्हा ठरू शकते.

कॅन्टीन म्हणजे खैरलांजी नव्हे, मान्य. पण फॉर्म्युला ओळखीचा वाटतो ना? पुढे जाणारी, न घाबरता बोलणारी बाई दिसली, की तिच्या नावाला एखादा पुरुष चिकटवून मोकळं व्हायचं. खोटं एकजण बोलतो, पण ते पसरतं बाकीच्यांच्या हसण्यावर.

तेव्हा पुढच्या वेळी खुर्ची पुढे सरकली, की फक्त एवढंच विचारा, ‘तुला कसं माहीत?’ चहा थंड होईल कदाचित. होऊ दे.