बाहेरून लावलेली कडी

संस्कृतांत राजाच्या अंतःपुराला ‘अवरोध’ असेंहि एक नांव आहे. रुध् म्हणजे अडविणें, कोंडणें. त्या धातूपासून निघालेला शब्द अमरकोशकारांनीं राण्यांच्या निवासाला बिनदिक्कत लावून दिला, आणि पुढें कवींनींहि तो निःशंकपणें वापरला. त्या नांवांत कोंडण्याचा अर्थ आहे, इकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं.

या धातूची आठवण होण्यास कारण घडलें तें फौजदारी कायद्याच्या वाचनाचें. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली आहे. तिच्यांतील १२६ वें कलम माणसाची वाट अडविण्याविषयीं आहे व १२७ वें त्यास कोंडून ठेवण्याविषयीं. जुन्या संहितेच्या मराठी भाषांतरांत यांना ‘गैरनिरोध’ व ‘गैरपरिरोध’ असे शब्द योजिले आहेत. सरकारी भाषांतरावर आमचा एरवीं फारसा लोभ नाहीं. पण हा ‘परि’ उपसर्ग ज्यानें सुचविला त्याचें संस्कृत चांगलें असलें पाहिजे. परि म्हणजे सभोंवार. ज्या वाटेनें जाण्याचा तुमचा हक्क आहे ती एक वाट अडविली, तर तो निरोध. चारी बाजूंनीं मर्यादा घालून तिच्याबाहेर पाऊल टाकूं दिलें नाहीं, तर तो परिरोध.

हा भेद इंग्लंडांत एका पुलावर स्पष्ट झाला. लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाच्या पादमार्गाचा कांहीं भाग नावांची शर्यत पाहणारांसाठीं कुंपण घालून राखून ठेविला होता. बर्ड नांवाचा गृहस्थ कुंपण ओलांडून आंत शिरला. शिपायांनीं त्यास पुढें जाऊं दिलें नाहीं. मागें फिरण्यास मात्र मोकळीक होती. ही कैद नव्हे, असा १८४५ सालीं बहुमतानें निकाल झाला. मुख्य न्यायाधीश डेन्मन यांचें मत मात्र उलट पडलें.

कोंडण्याला भिंत लागतेच असें मात्र नाहीं. संहितेंतच दोन उदाहरणें दिलीं आहेत. पहिल्यांत एकाला भिंतींच्या आवारांत नेऊन कुलूप घातलें आहे. दुसऱ्यांत कुलुपाचें नांवहि नाहीं. घराच्या दारांवर बंदुकवाले उभे केले आहेत आणि आंतल्या माणसास एवढेंच बजाविलें आहे कीं, बाहेर पडशील तर गोळी घालूं.

आतां आमच्याकडे आलेल्या एका पत्राकडे वळूं. एका सुशिक्षित घरांतील भगिनी लिहितात कीं, त्यांच्या देवघरांतील चांदीची वाटी दिसेनाशी झाली. संशय मोलकरणीवर गेला. तिला कोठीच्या खोलींत बसवून बाहेरून कडी लाविली आणि ‘वाटी कोठें आहे तें सांग, म्हणजे दार उघडतें’ असें सांगितलें. यजमान कचेरींतून येईपर्यंत दोन तास गेले. मध्यंतरीं तिला चहाहि दिला होता, असें त्या मुद्दाम लिहितात. पुढें वाटी तांदळाच्या डब्यांत सांपडली. ‘यांत आमच्याकडून कांहीं गुन्हा घडला काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

घडला. आणि तो साध्या परिरोधाहून वरच्या पायरीचा आहे. साध्या परिरोधाला एक वर्षापर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन दिवस वा अधिक कोंडल्यास कैदेची मर्यादा तीन वर्षें. दहा दिवस वा अधिक झाल्यास पांच. परंतु कबुली काढण्यासाठीं किंवा वस्तु परत मिळविण्यासाठीं कोंडलें असेल, तर दिवस मोजण्याचें कारण उरत नाहीं. त्या हेतूला तीन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड आहे. वाटी तिनें खरोखर घेतली असती, तरी हा गुन्हा पुसला गेला नसता. चहाचा उल्लेख वाचून आम्हांस वाईट वाटलें. आपण निर्दय नव्हतों हें त्या बाईंना सांगावयाचें असावें. पण कायदा येथें दया वा निर्दयता पाहत नाहीं; दार कोणीं लाविलें आणि कशासाठीं, एवढेंच पाहतो.

चोर धरण्याचा अधिकार नागरिकास आहेच कीं, असें कोणी म्हणेल. आहे, पण तो फार आंखडता आहे. फरारी म्हणून जाहीर झालेल्या इसमाची गोष्ट सोडली, तर गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला असावा लागतो, आणि तोहि दखलपात्र व अजामीनपात्र. शिवाय धरलेल्या माणसास विनाविलंब, व फार तर सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन करावें लागतें. कोठीच्या खोलींतील चौकशी यांत कोठेंच बसत नाहीं.

नवऱ्याचें काय? १८९१ सालीं इंग्लंडांत क्लिदरो गांवीं जॅक्सन नामक गृहस्थानें चर्चमधून बाहेर पडणाऱ्या आपल्या पत्नीस उचलून गाडींत घातलें व ब्लॅकबर्न येथें घरांत अडकवून ठेविलें. पत्नीनें नांदावयास यावें असा हुकूमनामा त्याच्या हातीं होता. तरीहि अपील न्यायालयानें तिला मुक्त केलें व पत्नीस कोंडण्याचा हक्क पतीस नाहीं असें ठरविलें. याच्या चारच वर्षें आधीं, १८८७ त, मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंना ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा’ असें फर्माविलें होतें. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली, आणि १८८८ सालीं प्रकरण पैसे देऊन मिटलें. आज नवरा, सासू वा बाप, कोणालाहि सज्ञान स्त्रीच्या खोलीला बाहेरून कडी लावण्याचा अधिकार नाहीं. ‘लग्न ठरेपर्यंत मुलीला घरांतच ठेविलें आहे’ हें वाक्य चांगल्या घरांतून आम्हीं ऐकलें आहे, आणि सांगणाराच्या आवाजांत संकोच नव्हता.

सरकारहि या दोषांतून सुटलेलें नाहीं. बिहारमधील रुदल शहा १९६८ च्या जूनमध्यें निर्दोष सुटला. मुझफ्फरपूरच्या तुरुंगांतून तो बाहेर पडला १९८२ च्या ऑक्टोबरांत. चौदा वर्षांहून अधिक काळ तो निर्दोष असूनहि आंतच होता. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्रानें, त्यास एकूण पस्तीस हजार रुपये भरपाई देवविली. ही रक्कम चौदा वर्षांवर वांटून पाहण्याचा हिशेब आम्हीं केला, आणि कागद फाडून टाकिला.

कोणी कोंडलेला असल्यास त्यास सोडविण्याचे मार्ग दोन. उच्च न्यायालयांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करतां येतो. तो खासगी माणसाविरुद्धहि चालतो. दुसरा मार्ग जवळचा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०० व्या कलमान्वयें, कोणास बेकायदा कोंडलें आहे असें मानण्यास कारण दिसल्यास जिल्हा, उपविभागीय किंवा प्रथमवर्ग दंडाधिकारी झडतीचें वॉरंट काढूं शकतो, आणि सांपडलेल्या व्यक्तीस ताबडतोब दंडाधिकाऱ्यापुढें आणावें लागतें. माहिती देणारा नातेवाईकच असला पाहिजे अशी अट त्या कलमांत नाहीं. शेजाऱ्यानें दिली तरी चालते.