रिडंडंट कोणाला म्हणता राव?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एकाला काढलं. मेलमध्ये त्याच्या नावापुढे एकच विशेषण होतं: ‘रिडंडंट’. क्लायंट लंडनचा, तेव्हा शब्दही तिकडचाच.

खरं सांगू? मला हा शब्द आवडायचा. कॉलेजात पहिल्यांदा भेटला तो ‘रेड’मध्ये (लाल नव्हे, डिस्कवालं). १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तो पेपर लिहिला, त्यातला ‘आर’ म्हणजे रिडंडंट. एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून मुद्दाम ठेवलेली जास्तीची डिस्क. त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, शॅननने हिशोब मांडला होता की साध्या इंग्रजी मजकुरात साधारण ५० टक्के रिडंडन्सी असते. म्हणूनच तर अर्धवट खरखरत आलेला फोनही आपल्याला कळतो.

मूळ लॅटिन. ‘उंडा’ म्हणजे लाट, आणि भरून बाहेर उसळणं ते ‘रेडुंडारे’. ‘अबंडंट’ त्याच घरातला. आपलं ‘उदक’सुद्धा त्या लाटेचं लांबचं भावंड. आता ‘गरजेपेक्षा जास्त’ हा अर्थ लॅटिनपासूनच आहे, ते मी नाकारत नाही. पण जास्त म्हणजे बिनकामाचं, हे कोणी ठरवलं?

ब्रिटनमध्ये १९६५ साली रिडंडन्सी पेमेंट्स ॲक्ट आला. एचआरवाले त्या परंपरेतलं बोलतात म्हणे. बोला की! पण त्या कायद्यातली व्याख्याही गरजेची होती: त्या प्रकारच्या कामासाठी माणसांची गरज संपली किंवा घटली तर. आमच्याकडे काम तसूभरही घटलेलं नाही. ते मॉड्यूल दोघांना येत होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

दुसरा मी.

दोन महिन्यांपूर्वी एक एक्सेल आली होती: कुठल्या मॉड्यूलला किती माणसं पुरतील? मी घाईघाईत ‘१’ टाकलं आणि जेवायला गेलो. सर्व्हर किती लागतील असं विचारलं असतं, तर झोपेतसुद्धा ‘दोन’ म्हणालो असतो. त्याच मॉड्यूलचा स्टँडबाय सर्व्हर वर्षभरात एकदाही लागलेला नाही. त्याचं बजेट मात्र परवाच मंजूर झालं, एका मिनिटात.

असो. सोमवारी तो लॅपटॉप परत करायला येतोय. पत्रात ‘पद रद्द’ लिहा, माणसाला ते विशेषण लावू नका, असा मेल मी शुक्रवारी एचआरला टाकलाय. अजून उत्तर नाही.